दिवा पळून राहिला

सकाळी फोन वाजला की मला आधी थकवा येतो आणि मग जाग येते. फोन दादाचा असतो. नमस्कार-चमत्काराची त्याला सवय नाही. मालगाडीच्या शेवटच्या डब्यात गार्ड म्हणून सगळी नोकरी एकट्यानं काढलेला माणूस, बोलायला कोणी नसायचंच, त्यामुळे तो थेट मुद्द्यावर येतो.

"पळून राहिला."

"काय पळून राहिलं, दादा?"

"दिवा. अजून काय. केव्हाचा पळून राहिला."

मग मी पायजम्यावरच शर्ट चढवायचो आणि तेलीबांध्यातल्या आमच्या घरून बूढ़ापाऱ्याला दादाकडे स्कूटर हाणायचो. तळ्याकाठची सकाळची फिरणारी मंडळी मला ओळखू लागली होती. त्यांना वाटे, हा गृहस्थ फार लवकर कामाला लागतो. दादाच्या दोन खोल्या वह्या-पेनांच्या दुकानावर आहेत. जिना चढून मी धापा टाकत दाराशी पोचावं, तर तो खुर्चीत बसून चहा पीत असायचा.

"आता चालून राहिला," तो म्हणायचा. "तुले पाह्यलं अन् चालाले लागला."

हे प्रकरण मीच अंगावर ओढवून घेतलेलं. वहिनी गेल्यानंतर दादा एकटा राहत होता. एक दिवस न्हाणीत पाय घसरून पडला. फार लागलं नाही, पण उठता येईना, आणि खालच्या दुकानदारानं हाका ऐकल्या तोवर बराच वेळ गेला. त्याची एकुलती मुलगी बेंगळुरूला असते. ती धावत आली आणि तिनं निकाल देऊन टाकला: एक तर बाबा माझ्याकडे येतील, नाही तर त्यांच्याजवळ चोवीस तास कोणीतरी हवं. दादाला बूढ़ापारा सोडायचा नव्हता. बेंगळुरूला तो एकदा जाऊन आला होता. तिथं अकराव्या मजल्यावरून गाडीची शिटीसुद्धा ऐकू येत नाही, असं त्यानं आल्यावर सांगितलं होतं, आणि एखाद्याच्या मयतीची बातमी द्यावी तशा आवाजात सांगितलं होतं.

तेव्हा गप्प बसायचं सोडून मी म्हणालो, "चोवीस तास मी डबा ठेवतो ना."

मी राइस मिलवाल्यांना मोटरचे पॅनेल बनवून देतो. सोल्डरिंगचा वास हा माझा अत्तराचा वास. त्यामुळे मला वाटतं की जगातली कुठलीही अडचण एका प्लास्टिकच्या डब्यात बसते. बाजारात मनगटावर बांधायची तयार घड्याळं मिळतात, बटण दाबलं की फोन जातो. पण तयार वस्तू आणली तर मग मी कशाला आहे? म्हणून मी स्वतः डबा केला. आत सिमकार्ड घातलेलं मोबाइलचं छोटं मॉड्यूल, वर पेरूएवढं लाल बटण, बाजूला स्क्रूनं बसवलेली बोटाएवढी काळी अँटेना. बटण दाबलं की माझा फोन वाजणार. आणि कोपऱ्यात एक हिरवा एलईडी.

त्या एलईडीनं माझं वय वाढवलं.

मॉड्यूलला एक पिन असते, ती नेटवर्कची स्थिती सांगते. तिथं दिवा जोडला की तो भराभर लुकलुकला तर समजायचं, टॉवर शोधतोय. थांबून थांबून लुकलुकला तर टॉवर सापडलाय, सगळं ठीक. मी हे दादाला समजावलं, त्यानं आपल्या भाषेत करून घेतलं. भराभर म्हणजे पळतो, सावकाश म्हणजे चालतो. पुतणी आमच्याशी हिंदीतच बोलते. तिला मी फोनवर हेच सांगितलं, तर ती म्हणाली, "ठीक है काका. जब तक वो चल रहा है, बाबा वहीं रहेंगे." म्हणजे दादाचं बूढ़ापाऱ्यातलं राहणं त्या मोहरीएवढ्या दिव्यावर टांगलं गेलं, आणि दिवा माझ्यावर.

आता बूढ़ापाऱ्यात जुन्या टू-जीचं नेटवर्क म्हणजे उन्हाळ्यातला नळ. येतं, जातं. माझं मॉड्यूल टू-जीचं होतं, कारण ते माझ्या खोक्यात पडून होतं. पडून असलेल्या वस्तूचा मला फार कळवळा. त्यामुळे दिवा घटकेत चालायचा, घटकेत पळायचा, आणि दादा दिवसभर खुर्ची त्याच्यासमोर मांडून बसायचा. तो पेपर वाचेना. चौकात गप्पा मारायला जाईना. एकदा मी म्हटलं, "दादा, जरा नेटवर्क गेलं तर येतं परत. तू त्याच्याकडे पाहू नको." तर म्हणाला, "सिग्नलकडे पाहू नको म्हणते. शाबास."

त्याची खरी तक्रार वेगळी होती. सगळं ठीक आहे असं सांगणारा दिवा लुकलुकतोच कशाला, हे त्याला पटत नव्हतं.

"अबे, स्थिर दिवा म्हणजे सिग्नल," तो म्हणायचा. "लुकलुकते तो बिघडलेला. डायव्हर अशा सिग्नलवर भरवसा ठेवत नाही, गाडी उभी करते. तू कुठं शिकला रे हे?"

"अन् तुझ्या गाडीच्या शेपटाले लाल दिवा लुकलुकत होता तो?"

"तो मागच्यासाठी. दूर राह्य म्हणून. तो काय सगळं ठीक आहे सांगत होता काय?"

रेल्वेच्या माणसाशी दिव्यांवरून वाद घालू नये, हे मला तेव्हा कळायला हवं होतं. मी घातला. पुष्कळ आठवडे घातला. बायको म्हणायची, "तुम्ही दोघं एका एलईडीपायी म्हातारे होऊन राहिले." तिचं चुकत नव्हतं, फक्त वेग तिनं कमी सांगितला.

शेवटी श्रावणातल्या एका दुपारी मी थकलो. एका मिलचं पॅनेल जळलं होतं, तिथून घामाघूम होऊन दादाकडे गेलो होतो, आणि दिवा पळत होता. दादानं चहासुद्धा विचारला नाही. मी बॅगेतून सोल्डरिंग आयर्न काढलं, डबा उघडला आणि दिव्याची तार त्या पिनवरून उचलून शेजारच्या पिनवर डकवली.

ती शेजारची पिन फक्त एवढंच सांगते की मॉड्यूल चालू आहे. जागं आहे. त्याला टॉवर सापडलाय का, फोन लागेल का, यांच्याशी तिला घेणंदेणं नाही. मॉड्यूलला वीज मिळून ते उठून बसलं की दिवा लागतो आणि लागलेलाच राहतो. पळणं नाही, चालणं नाही.

दादा बराच वेळ दिव्याकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "आता कसा दिवा दिसते." आणि चहा टाकायला उठला.

पुढं सवडीनं नीट प्रोग्रॅम लिहू, नेटवर्क असेल तर स्थिर आणि नसेल तर बंद, असं मी ठरवलं. मी सवडीनं करायच्या ठरवलेल्या गोष्टींवर एक वेगळं पुस्तक होईल, तेही सवडीनं. खरं सांगायचं तर सकाळचे फोन थांबले होते. मी उन्हं वर येईस्तोवर झोपू लागलो. दादा पुन्हा चौकात जाऊ लागला. पूर्वी आठवड्यातून एकदा आम्ही बटण दाबून पाहायचो, तेही सुटलं. दिवा तर लागलेला होता. पुतणीनं विचारलं की दादा सांगायचा, "एकदम स्थिर आहे," आणि ती तिकडं निर्धास्त.

दिवाळीला ती आली. पाडव्याच्या दुपारी आम्ही सगळे दादाकडे जेवायला होतो. जेवण झाल्यावर मी सुपारी कातरत, कोणी विचारलं नसताना, डब्याबद्दल बोलायला लागलो. बायकोनं डोळ्यांनी थांबवायचा प्रयत्न केला. पण मी तिथं थांबलो असतो तर हे लिहायला बसलोच नसतो.

"दाबून पाह्य," मी पुतणीला म्हणालो. "स्वतः दाब. माझा फोन इथं टीपॉयवर ठेवतो."

तिनं बटण दाबलं. आम्ही चौघं त्या फोनकडे पाहत बसलो. फराळाच्या ताटलीशेजारी तो निवांत पडला होता.

"थोडा वेळ लागते," मी म्हणालो.

आम्ही थोडा वेळ दिला. अजून थोडा दिला. मग फोन खणाणला आणि मी मांडीवर थाप मारून म्हणालो, "पाह्य." उचलला. गॅसवाला होता. सिलिंडर घेऊन तेलीबांध्याला आमच्या बंद दाराशी उभा होता.

पुतणी हसली नाही. ती हसली असती तर बरं झालं असतं. तिनं डबा हातात घेतला आणि हिरव्या दिव्याकडे बोट केलं.

"काका, लाइट तो जल रही है."

"हो. ती... डबा चालू आहे म्हणून सांगते."

"और फ़ोन लगेगा कि नहीं, वो कौन बताता है?"

"आधी तीच सांगत होती."

"आधी?"

मी सुपारीकडे पाहिलं. अडकित्ता खाली ठेवला. मी डबा तिच्या हातून घेतला, उलटा-पालटा केला, आणि तेव्हा माझ्या ध्यानात आलं की बाजूला नुसतं भोक आहे.

"दादा, याची अँटेना कुठाय?"

"कोणतं?"

"ते काळं. बोटाएवढं."

"हव, ते," दादा म्हणाला. "दिवाळीच्या साफसफाईत काढून ठेवलं मी. कपड्यात अडकत होतं. काढून पाह्यलं, दिव्याले काही फरक नाही पडला. म्हटलं, कामाचं नाही." त्यानं टेबलाचा खण उघडला. टॉर्चचे जुने सेल आणि सुतळीच्या गुंडाळीत अँटेना नीट फडक्यात बांधून ठेवली होती. दादा कुठलीही वस्तू टाकत नाही.

त्याला काय म्हणणार? तो रीतसर वागला होता. भाग काढला, दिवा पाहिला, दिवा म्हणाला ठीक. आणि दिव्याला तसं म्हणायला मीच शिकवलं होतं.

पुतणी हळू आवाजात बोलली. तिच्या आईची तीच सवय होती, राग आला की आवाज खाली जायचा. "बाबा, आप गिर जाते, बटन दबाते रहते, और यहाँ लाइट जलती रहती."

"नाही पडलो ना पण."

"बाबा."

"मीच सांगितलं होतं त्याले," दादा म्हणाला. "लुकलुक करे, मले पाहावत नव्हतं. तो तर नाही म्हणत होता."

मी नाही म्हणत नव्हतो. निदान त्या दुपारी तरी नव्हतो. पण दादा गार्ड होता. गाडीत काही झालं की मागचा माणूस स्वतःवर घेतो, ही त्याची जुनी खोड. मी सांगून टाकलं की तार मी बदलली, कंटाळून बदलली. त्यानं काही फरक पडला नाही. तिनं फोन काढला आणि बेंगळुरूच्या गाडीचं आरक्षण पाहू लागली.

दादा उठून गॅलरीत गेला. खालून स्कूटरी जात होत्या, पोट्टे फटाके फोडून राहिले होते. तो परत आला आणि दारातच उभा राहून म्हणाला, "सिग्नल बिघडला म्हणून गाडी कायमची उभी नाही ठेवत, बेटा. हातानं झेंडी दाखवते, चिठ्ठी देते, हळू हळू सोडते. संक्रांतीपर्यंत सोड मले हळू हळू."

ती फोनमधून मान वर न काढता बसली होती. मग म्हणाली, "संक्रांति तक. फिर मैं कुछ नहीं सुनूँगी." तिकीट मात्र तिनं काढून ठेवलं, संक्रांतीनंतरचं.

दिवाळी संपताच मी नवं मॉड्यूल आणलं, फोर-जीचं. यावेळी खोक्यातलं नाही. दिवा पुन्हा नेटवर्कच्या पिनवर नेला, अँटेना अशी बसवली की पक्कड लावल्याशिवाय निघू नये, आणि दादाला जुनाच धडा दिला: पळतो, चालतो. डबा चालू केला. दिवा आधी काळोखात चुकार काजव्यासारखा चमकला, आणि मग लागूनच राहिला. मधूनच एक क्षण विझे, परत लागे.

मी घाबरलो. माहितीचा कागद वाचायची मला सवय नाही. मी तो शेवटी वाचतो, जसं काही त्यात मृत्युपत्र आहे. त्यात लिहिलं होतं की या कंपनीच्या मॉड्यूलमध्ये खुणा वेगळ्या आहेत. बराच वेळ विझलेला आणि मध्येच चमकणारा म्हणजे शोधतोय. बराच वेळ लागलेला आणि मध्येच किंचित विझणारा म्हणजे टॉवर सापडलाय, वाट पाहतोय.

मी हे सांगेपर्यंत दादानं खुर्ची ओढून घेतली होती.

"हा स्थिर आहे," तो म्हणाला.

"स्थिर नाही दादा. मधून विझते."

"विझत नाही बे. पापणी मिटते." तो वाकून पाहत राहिला. "माणूस नाही काय पाहत असा. हे चालते."

इतके आठवडे वाद घालून मला जे जमलं नाही ते कुठल्या तरी कंपनीनं आयतं करून ठेवलं होतं. मला आनंद व्हायला हवा होता. मी जिन्यात बसून राहिलो थोडा वेळ.

पण दादाचं समाधान तेवढ्यानं झालं नाही. तो म्हणाला, दिवा माझ्याकडे पाहते, माझ्याकडे पाहून काय उपयोग? स्टेशनातून गाडी निघाली की गार्ड हिरवी झेंडी दाखवतो आणि समोर इंजिनातल्यानंही दाखवायची असते. नुसती आपण दाखवली आणि समोरून उत्तर नाही, तर काही तरी बिघडलं समजायचं. "मी सकाळी बटण दाबीन. तुझा फोन वाजेल. तू परत लाव, अन् डब्यात आवाज झाला पाहिजे. रोज."

"रोज?"

"गाडी रोज जाते."

तर मी डब्यात एक भोंगा बसवला. माझा फोन आला की तो एकदा टिट् करतो. आणि सकाळचे फोन पुन्हा सुरू झाले. फरक इतकाच की आता ते वाईट बातमीचे नव्हते. फोन वाजतो, मी तो कापतो, परत लावतो, कापतो, आणि पांघरूण ओढून घेतो. झोप मात्र येत नाही. या वयात एकदा मोडलेली झोप पुन्हा सांधता येत नाही, तिला कुठलंही सोल्डर चालत नाही.

संक्रांत जवळ आली तशी दादानं कपडे आवरायला घेतले. लोखंडी पेटी खाली काढली, गार्डची जुनी शिटी तिच्यात टाकली, परत काढली. मी म्हटलं, "आता तर डबा ठीक आहे, पोट्टीले समजावू." तो म्हणाला, "तिले डबा नाही पाहायचा. तिले मी म्हातारा दिसतो."

मग ती सकाळ. आदल्या संध्याकाळी मी एका मिलमध्ये धुळीत काम केलं होतं, अंगात कणकण होती. गोळी घेऊन झोपलो आणि फोनचा आवाज बंद करून ठेवला. दादानं बटण दाबलं. उत्तर नाही. परत दाबलं. दिवा पापण्या मिटत होता, म्हणजे टॉवर होता, म्हणजे घोळ माझ्याकडे होता. त्याचं म्हणणं असं.

मला जाग आली ती बाहेरच्या बोलण्यानं. बायको म्हणत होती, "दादा, तुम्ही? कसे आले?"

"ई-रिक्शानं. तो कुठाय?"

"झोपले आहेत. बरं नाही त्यांना."

तो आत आला. गळ्यात मफलर, हातात काठी, आणि वरच्या खिशातून शिटीची दोरी लोंबत होती. शिटी कशाला आणली, ते मी आजवर विचारलेलं नाही. त्यानं माझ्या कपाळावर हात ठेवला.

"ताप आहे," तो बायकोला म्हणाला. मग मला, "उत्तर काहून नाही दिलं?"

"आवाज बंद होता, दादा."

"अन् मी तिकडं झेंडी घेऊन उभा."

तो दिवसभर आमच्याकडे राहिला. मला काढा पाजला, तो अतिशय वाईट होता. दुपारी पुतणीचा व्हिडिओ कॉल आला. पलंगाशेजारी बसलेले तिचे बाबा पाहून ती दचकली.

"बाबा, आप वहाँ? क्या हुआ?"

"मले काय होते? याले झालं. सकाळी उत्तर नाही आलं, म्हणून पाहाले आलो."

"अकेले?"

"नाही, बँड घेऊन."

कॅमेऱ्यात ती माझ्याकडे पाहत होती की दादाकडे, ते कळत नव्हतं. मी पडल्या पडल्या अगदी आजारी दिसायचा प्रयत्न केला. त्याला फार मेहनत लागली नाही.

"काका," ती म्हणाली, "सुबह बाबा को जवाब नहीं दिया आपने?"

"नाही दिला."

"तो ये देखने कौन जाता, अगर बाबा यहाँ होते?"

मी बायकोकडे बोट दाखवणार होतो, पण बायकोच्या चेहऱ्याकडे पाहून हात पांघरुणात घेतला.

"बाबा का यहाँ आना रहने देते हैं अभी," ती म्हणाली. किती दिवसांसाठी, ते तिनं सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही. दादानं मान हलवली, आणि काढ्याचं भांडं घेऊन स्वयंपाकघरात गेला. तिथं त्यानं नळ बराच वेळ चालू ठेवला.

संध्याकाळी मी म्हटलं, आजचा दिवस इथंच झोप. तो मफलर गुंडाळत म्हणाला, "काहून? तिकडं डबा एकटा आहे."

दुसऱ्या सकाळी फोन वाजला. आधी थकवा आला, मग जाग. मी फोन कापला, परत लावला, कापला. तिकडं एकदा टिट् झालं असेल. इथं तेलीबांध्याला ते ऐकू येत नाही, झालं म्हणून दादा सांगतो. मी पांघरूण ओढलं आणि छताकडे पाहत, मधूनच पापणी मिटत, पडून राहिलो.